सासूबाई म्हणतात, घरी बसून फोनवर बोलायचे पैसे कोण देतं?

पत्र (थोडं छोटं केलंय):

"नमस्कार ताई, मी ३४ वर्षांची, सध्या कराडला असते. पुण्यात हाडांच्या डॉक्टरांच्या एका छोट्या हॉस्पिटलात आठ वर्षं फ्रंट डेस्कला होते, अपॉइंटमेंट, बिलिंग आणि शेवटची चार वर्षं मेडिक्लेमच्या फाइली. मग मुलगी झाली, मिस्टरांची बदली झाली, नोकरी सुटली. आता मुलगी पहिलीत आहे, शाळा १० ते ४. इन्स्टावर व्हर्च्युअल असिस्टंटचा, म्हणजे घरून ऑनलाइन दुसऱ्यांची ऑफिसची कामं करण्याचा, कोर्स बघितला, १८,००० चा आहे पण आज रात्री १२ पर्यंत ९,९९९, त्यात अमेरिकन क्लायंट कसे मिळवायचे ते शिकवतात. घेऊ का? माझं इंग्लिश बोलणं जेमतेम, लिहिणं बरं आहे. लॅपटॉप जुना आहे, आणि आठवड्यातून एकदा मेंटेनन्सला लाइट जाते. सुरुवात कुठून करू, पैसे किती मागू? सासूबाई म्हणतात घरी बसून फोनवर बोलायचे पैसे कोण देतं, मला उत्तरच देता आलं नाही."

अगं, आधी सासूबाईंचं बघू. तू चिडून लिहिलंयस ते कळतंय पण खरं सांगू का, तुझ्या अख्ख्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांचाच आहे. पैसे कोण देतं आणि कशाचे देतं, एवढं एका वाक्यात सांगता आलं की धंदा अर्धा उभा राहिला समज, आणि नाही सांगता आलं तर १८,००० चा कोर्स करूनही येणार नाही. इन्स्टावरची मंडळी नेमका हाच प्रश्न गाळतात आणि थेट डॉलरवर येतात.

कोर्स घेऊ नको. "आज रात्री १२ पर्यंत" वाली ऑफर उद्या सकाळीही असते, बघ हवं तर. त्यात काय असणार ते पण सांगते, गुगल कॅलेंडर, कॅनव्हा, ट्रेलो, ईमेल कसा लिहावा, प्रोफाइल कशी बनवावी. हे सगळं फुकट शिकता येतं, यूट्यूबवर मराठीतसुद्धा. मी काही कोर्सच्या विरोधात नाहीये, पण कोर्स हा काम मिळाल्यावर घ्यायचा असतो, म्हणजे समज एखाद्या क्लायंटकडे हिशोबाचं झोहो बुक्स सॉफ्टवेअर आहे आणि तुला येत नाही, मग तेवढंच शिक.

आता मुद्द्यावर येते. तू स्वतःला "व्हर्च्युअल असिस्टंट" म्हणवून घेऊन बाजारात उतरलीस तर तुझ्या शेजारी लाखभर बायका-पोरं उभी असतील, सगळ्यांच्या प्रोफाइलवर तेच, डेटा एंट्री, ईमेल मॅनेजमेंट, हार्डवर्किंग. पण चार वर्षं ऑर्थोच्या मेडिक्लेम फाइली केलेली बाई त्या गर्दीत किती वेळा सापडेल? तुला ते साधं वाटतंय कारण तू रोज केलंयस. सेटलमेंटला पाठवायच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर आणि इनव्हॉइस लावायचं राहिलं तर विमा कंपनीची क्वेरी येते, जिन्यावरून पडलेल्या पेशंटच्या केसला "दारू प्यायला नव्हता" असं डॉक्टरांकडून लिहून मागतात, एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद, केली का विचारतात, सर्जरीत खर्च वाढला तर एन्हान्समेंट, म्हणजे वाढीव रकमेची मंजुरी, वेळेत मागायची, फायनल बिल आणि डिस्चार्ज समरीतल्या तारखा जुळल्या पाहिजेत. हे मला माहितीये कारण माझ्या भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डेस्कवरच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि आम्ही डिस्चार्ज मिळूनही संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून होतो.

आणि तू काम सोडल्यानंतर एक गोष्ट बदललीये ती लक्षात घे. २०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, परिपत्रक काढलं की कॅशलेसची विनंती आल्यावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून तीन तासांत फायनल मंजुरी द्यायची. घड्याळ कंपनीला लागलंय, पण हॉस्पिटलने अर्धवट कागद पाठवले तर क्वेरी निघणार आणि पेशंटचे नातेवाईक भांडणार ते डेस्कवरच येऊन. मोठ्या हॉस्पिटलांत टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) बोलणाऱ्या डेस्कला चार-पाच माणसं असतात. पंधरा-वीस बेडवाल्याकडे काय असतं? एकच मुलगी, तीच ओपीडीचे फोन घेते, तीच बिल करते, तीच फाइल स्कॅन करते, आणि पेशंट घरी गेला की ती फाइल कपाटात. मग कंपनीने १२ हजार का कापले, तीन महिन्यांपूर्वीच्या केसचे पैसे आले का, आले तर कुठल्या पेशंटचे आले, हे बघायला कुणालाच वेळ नाही. डॉक्टरांचे पैसे अडकून पडतात आणि किती अडकलेत हेही त्यांना नक्की ठाऊक नसतं.

हे काम घरून होतं. पोर्टल ऑनलाइन, क्वेरी ईमेलवर, पाठपुरावा फोनवर. पेशंटसमोर बसायचं काम तिथल्या मुलीचं, मागचा पाठपुरावा तुझा. म्हणजे सासूबाईंना उत्तर असं, "डॉक्टरांचे विमा कंपनीकडे अडकलेले पैसे मी मागे लागून सोडवते, त्याचे ते मला पैसे देतात." बघ, वसुली म्हटलं की त्यांना लगेच समजेल, पतसंस्था काय कराडला कमी आहेत का.

पहिला क्लायंट कुठे शोधायचा, तर तुझ्या जुन्या फोनमध्ये. तुझे जुने डॉक्टर, तिथे येणारे भूलतज्ज्ञ (हे बेस्ट, कारण एक भूलतज्ज्ञ आठवड्यात सहा हॉस्पिटलं फिरतो आणि कुणाकडे कसली बोंब आहे ते त्यालाच जास्त माहीत), इम्प्लांट पुरवणारा माणूस, मेडिकलवाला. पाच जणांना मेसेज कर. "काम असेल तर सांगा" असं लिहू नको, त्याला कुणी उत्तर देत नाही, बिचारे वाईट नसतात पण काय काम सांगावं हा विचारसुद्धा त्यांनाच करावा लागतो ना. त्याऐवजी नेमकं लिही, की सर, मी अमुक, तुमच्याकडे अमुक ते अमुक वर्षं मेडिक्लेमला होते, आता घरून पेंडिंग क्लेमचा पाठपुरावा करते, गेल्या सहा महिन्यांच्या कॅशलेस केसेसची यादी दिलीत तर किती रक्कम येणं बाकी आहे आणि कुठे काय कापलंय याचा तक्ता आठवड्यात करून देते, त्याचे ३,००० रुपये, पुढचं मग ठरवू. एवढंच. एक ठरावीक काम, ठरावीक दिवस, ठरावीक पैसे. तक्ता बघून त्यांना आकडा दिसला की पुढचं काम तुला मागावं लागणार नाही. अडकलेल्या रकमेवर टक्केवारी मात्र सुरुवातीला मागू नको, पैसे तुझ्यामुळे आले की येणारच होते यावर वाद होतात, आणि डॉक्टर लोकांशी वाद घालून पुढे काम टिकत नाही.

पैशांचं. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून जरा लांब सांगते. माझं पहिलं काम एका सल्लागाराचं होतं, महिना ८,००० आणि "थोडं ईमेल-कॅलेंडर बघायचं". थोडं! दोन महिन्यांत त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक, गाडीची सर्व्हिसिंग, सोसायटीच्या मीटिंगचं मिनिट्स, सगळं माझ्याकडे, रात्री पावणेअकराला "एक छोटंसं काम होतं". एकदा चिडून मी पंधरा दिवस वहीत तास लिहिले आणि भागाकार केला तर ताशी ७० च्या आसपास पडत होते. दोष त्याचा नव्हताच पूर्ण, मीच काय करणार आणि काय नाही ते कुठे लिहिलं होतं?

तुझा हिशोब करू. शाळा १० ते ४, त्यात जेवण, भांडी, बँक, पाहुणे वगळून प्रामाणिकपणे तीन तास धर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ६६ तास. यातले १८ तरी तास असे जाणार ज्याचे कुणी पैसे देत नाही, बिल बनवणं, नवीन लोकांशी बोलणं, काहीतरी शिकणं, पैशांसाठी आठवण करणं. राहिले ४८. महिन्याला १२,००० हवे असतील तर ताशी २५० पडले, नेट आणि फोन धरून ३०० म्हण. जुन्या पगाराला तासांनी भागून बघू नको, कारण तिथे एसी, लाइट, कॉम्प्युटर, सुट्टी सगळं त्यांचं होतं. मग डॉक्टरांना सांगताना ताशी दर सांगूच नको, महिन्याचं पॅकेज सांग, २० तास, ६,००० रुपये, महिन्याच्या १ तारखेला आगाऊ, वापरले नाहीत तर पुढच्या महिन्यात जात नाहीत, जास्त लागले तर आधी विचारून. असे दोन क्लायंट म्हणजे तुझे १२,००० झाले, ४० तासांत, आठ हातात राहिले. पहिल्या तीन महिन्यांत एवढं होईल असं मात्र मी म्हणणार नाही, एकच क्लायंट मिळाला तरी छान चाललंय समज.

आणि हे सगळं ईमेलवर लिहून दे, स्टँप पेपर वगैरे नको, पण कोणतं काम, किती वाजेपर्यंत फोन घेणार, पैसे कधी, काम थांबवायचं तर किती दिवस आधी सांगायचं, आणि त्यांचा "ओके" येऊ दे. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा नाही, ओके.

अमेरिकन क्लायंटचं खूळ सध्या डोक्यातून काढ, त्यात वाईट काही नाहीये पण तुझ्या घराच्या घड्याळात ते बसत नाही. न्यूयॉर्कला सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यांच्या थंडीत साडेसात, म्हणजे नेमका कुकर, होमवर्क आणि सासऱ्यांच्या बातम्या. लंडनचे सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच, ते तुला पुढेमागे जमेल. सिडनीची दुपार आपल्या सकाळी येते, तेही जमण्यासारखं. हे "किंवा" जपून बरं का, ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात आणि आपण नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडचं घड्याळ मागे गेलं आणि मी तिथल्या एका क्लायंटला सोमवारी नेहमीच्या वेळेला, म्हणजे त्याच्याकडे तासभर आधी, कॉल लावला, तो अंगावर टॉवेल घेऊन फोनवर. कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकताना टाइम झोन क्लायंटच्या शहराचा निवड, मग गुगल आपोआप सरकवतो.

परदेशी काम घ्यायची वेळ येईल तेव्हा एवढं लक्षात ठेव की ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या साइटींपैकी फायव्हर तुझ्या कमाईतले २० टक्के ठेवतं, अपवर्कवर प्रपोजल पाठवायलाच कनेक्ट्स नावाचे टोकन विकत घ्यावे लागतात आणि वर कमिशन. पेपालने २०२१ च्या एप्रिलपासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलंय, ते आता फक्त बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी, आणि त्यात शुल्क आणि रूपांतरण दोन्हीकडे कात्री लागते. कराड-पुण्याच्या डॉक्टरला यूपीआयने एका सेकंदात पाठवता येतात. इंग्लिश बोलण्याची भीती पण इथेच संपली ना, तुझ्या क्लायंटशी तू मराठीत बोलणार, टीपीएला ईमेल इंग्लिशमध्ये लिहिणार, जे तुला येतंच.

लॅपटॉप जुना म्हणतेस, त्यात विंडोज १० असेल तर बघ, त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. घरी सिनेमा बघायला ठीक, पण तुझ्याकडे लोकांचे रिपोर्ट आणि आधार असणार, तेव्हा विंडोज ११ चालत असेल तर टाकून घे, नसेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईतून सेकंडहँड का होईना पण विंडोज ११ चालणारा घे. लाइटचं सोपं आहे, राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमचा ठेव. लाइट जायचा दिवस ठरलेला असेल तर क्लायंटला आधीच सांगून टाक की त्या दिवशी मी फक्त फोनवर. आधी सांगितलं की कुणी काही म्हणत नाही.

पेशंटच्या कागदांबाबत मी जरा कडक बोलणारे. डॉक्टरांचा पासवर्ड घेऊ नको, पोर्टलवर तुझ्या नावाचं वेगळं लॉगिन मागून घे, नसेल देता येत तर पासवर्ड मॅनेजरमधून, व्हॉट्सअॅपवर नाही. त्यांच्या बँकेचा ओटीपी कधीही नाही, अगदी डॉक्टर स्वतः म्हणाले "तूच टाक गं" तरी. कामासाठी वेगळं सिम आणि व्हॉट्सअॅप बिझनेस, आणि त्यात फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद कर. माझ्या एका क्लायंटच्या पासबुकाचा फोटो आमच्या टीव्हीवर स्क्रीनसेव्हर म्हणून आला होता, चहाला पाहुणे बसलेले असताना, कारण फोन, गुगल फोटो आणि टीव्ही सगळं एकाच अकाउंटवर. मावशी म्हणे, शिल्लक बरी आहे हो कुणाची तरी.

सरकारी कागद फार नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधार-पॅनवर होते आणि ती फुकट आहे, पूर्णपणे फुकट, सरकारी पोर्टलवरच कर, गुगलवर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट हजार-दोन हजार उकळतात. महाराष्ट्रात तुझ्यासारख्या एकटीच्या धंद्याला शॉप अॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, बँकेत धंद्याचं खातं उघडायला तो कागद कामाला येतो. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर, तो दिवस आला की पेढे पाठव. उद्यमचा नंबर बिलावर लिहीत जा, कारण छोट्या उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, पुढे देणाऱ्याला व्याज पडतं. पण पहिल्याच उशिराला हा कायदा तोंडावर फेकू नको, आधी एक गोड फोन.

आणि ६,००० च्या बिलाचे ५,४०० आले तर घाबरून मला रात्री लिहू नको, तो टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, असेल, वर्षाचे ५०,००० च्या वर जात असतील तर हॉस्पिटलचा सीए १० टक्के कापू शकतो, ते तुझ्या पॅनवर जमा होतात, रिटर्न भरलं की परत मिळतील. म्हणून रिटर्न भरायचंच, उत्पन्न कमी असलं तरी.

एक सावधगिरी, कारण तू "घरबसल्या काम" शोधत फिरतेयस म्हणजे तुझ्या फोनवर आता तसल्याच जाहिराती यायला लागतील. फॉर्म भरायचं डेटा एंट्रीचं काम देतात, ऑनलाइन करारावर सही घेतात, आठवड्याने म्हणतात तुमची अचूकता कमी पडली, करार मोडला, पैसे भरा, आणि वकिलाच्या नावाने नोटीस, कोर्टाच्या धमक्या. बायका घरात न सांगता भरतात ते पैसे, लाजेने. दुसरे टेलिग्रामवर "टास्क" देतात, आधी दीडशे रुपये खरंच पाठवतात मग तुझे पन्नास हजार घेऊन जातात. तिसरे म्हणतात तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन देतो, त्यात तर पोलीस तुझ्याच दारात येणार. काम देणारा कधी पैसे मागत नाही, बस. फसलीसच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन, घरच्यांची भीती नंतर.

घरातलं राहिलं. तुझे १० ते १ कामाचे, हे एकदाच शांतपणे सांग आणि दार लाव. पहिल्या महिन्यात दार दहा वेळा वाजेल, गॅसवाला, कोथिंबीर निवडलीस का, पलीकडच्या काकू आल्यात. तू दर वेळी उठलीस तर त्यांच्या लेखी तू घरीच आहेस. मी नोकरीला होते तेव्हा जशी साडेनऊला केस बांधून तयार व्हायचे तशीच अजून होते, घरातल्या गाऊनमध्ये कामाला बसले की आमच्याकडे मला हमखास कुणीतरी हाक मारतंच, का ते देव जाणे. आणि पहिले ३,००० आले की त्यातलं काहीतरी सासूबाईंच्या हातात ठेव, पेढे म्हण, साडी म्हण, त्यांनी प्रश्न विचारला नसता तर तू मला पत्र लिहिलं नसतंस.

मेसेज आज लिहून ठेव पण पाठव उद्या. वेळ तूच ठरव, सरांची ऑपरेशनं कधी संपतात आणि चहा पीत फोन कधी बघतात हे मी तुला काय सांगणार.